कुळाचा हिशेब आणि हुजूरची बेरीज

गेल्या ज्येष्ठांत येथील शिवाजी पेठेंतील एका जुन्या घराचा माळा उतरविला जात होता. घर पूर्वीं एका कुलकर्णी घराण्याचें. जुन्या कागदांच्या नादाबद्दल पेठेंत माझी थोडीबहुत बदनामी असल्यामुळें मला बोलावणें आलें. जाऊन पाहतों तों मालकांनीं निवड आधींच उरकली होती. शिक्कामोर्तब असलेले दोन कागद त्यांनीं चौकटींत बसविण्याकरितां बाजूस काढून ठेविले होते, आणि बाकीचा रुमाल रद्दीवाल्याची वाट पाहत दारापाशीं पडला होता. "सर, ह्यांत कांहीं नाहीं. नुसते आंकडे आणि चिटोऱ्या आहेत," असें ते म्हणाले. त्यांचें म्हणणें एका अर्थीं खरें होतें. त्या रुमालांत एकाहि लढाईचें नांव नाहीं, वंशावळ नाहीं, कोणा सरदाराचें पत्र नाहीं. गांवच्या कुळांचे झाडे, वसूलबाकीचे फर्द आणि चार बोटें रुंदीच्या कांहीं पावत्या, एवढाच ऐवज. तरीहि मीं तो रुमाल घरीं आणिला. चौकटींत गेलेल्या त्या दोन कागदांपेक्षां ह्या चिटोऱ्या अधिक दुर्मिळ कां मानाव्या, हें संग्राहक मित्रांपुढें मांडावें म्हणून हा लेख लिहिला आहे.

आमच्या इतिहासलेखनांत कराचा विचार होतो तो बहुधा दराचा. धारा किती, पट्ट्या किती, चौथाई-सरदेशमुखीचा हिस्सा कोणाचा, ह्या प्रश्नांवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. परंतु सरकारनें एकेका माणसाचा हिशेब वर्षांतून केव्हां घेतला, तो कोणीं लिहिला, कोणीं तपासला, चूक किंवा उशीर झाला तर दंड कोणास झाला, आणि पैसे देऊन घरीं परतणाऱ्या माणसाच्या हातांत काय राहिलें, हा प्रश्न त्या मानानें कमी विचारला जातो. वास्तविक कराचा जाच किंवा सोय जी कांहीं अनुभवास येते ती येथेंच येते.

संस्कृताच्या अभ्यासकास ह्या बाबतींत प्रथम आठवतो तो कौटिल्य. अर्थशास्त्र हा ग्रंथ शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें छापून प्रसिद्ध केला, आणि पुढें प्रा. र. पं. कंगले यांनीं मुंबई विद्यापीठाकरितां त्याची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. दुसऱ्या अधिकरणाच्या सातव्या अध्यायांत अक्षपटलाचें, म्हणजे हिशेबदप्तराचें, प्रकरण आहे. कामकाजाचें वर्ष ३५४ अहोरात्रांचें. तें आषाढी पौर्णिमेस पुरें व्हावयाचें. त्या सुमारास ठिकठिकाणचे हिशेबनीस आपल्या वह्या व शिल्लक मोहोरबंद करून घेऊन यावयाचे. आल्यावर त्यांस एके ठिकाणीं बसवावें, पण एकमेकांशीं बोलूं देऊं नये, असा कौटिल्याचा दंडक आहे. दोघांनीं मिळून आंकडे जुळवून घेऊं नयेत, हा त्यांतील हेतु उघड आहे. मग आय आणि व्यय यांची बेरीज ऐकून घेऊन शिल्लक ताब्यांत घ्यावयाची. रोजकीर्द न आणणाऱ्याची एक महिना वाट पाहावी. त्यापुढें दर महिन्यास दोनशें पण या चढत्या क्रमानें दंड घ्यावा. लिहिण्याचें थोडकेंच काम उरलें असेल तर त्यास पांच दिवसांची सवलत आहे. ज्यांनीं वर्षानुवर्षें शाळेचे निकाल सहकाऱ्यांकडून वेळेवर मागून घेतले आहेत, त्यांस हा ग्रंथकार फार ओळखीचा वाटेल.

परंतु ह्या वर्णनांतील एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. आषाढांत वह्या घेऊन येतो तो अधिकारी. कर देणारा नव्हे. दंड होतो तोहि अधिकाऱ्यास. पुढील अध्यायांत राजद्रव्य अपहार करण्याचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. आधीं वसूल झालेलें मागाहून जमा दाखविणें, पुष्कळ वसूल झालें असतां थोडें दाखविणें, हे त्यांतील ठळक प्रकार. आणखी एक प्रकार असा कीं, एकाकडून आलेली रक्कम दुसऱ्याकडून आली असें लिहिणें. ह्या प्रकारांत एकंदर बेरजेंत पैचाहि फरक पडत नाहीं. बुडतो तो ज्याचें नांव गळलें तो. कौटिल्यासारख्या सूक्ष्मदर्शी मनुष्यास हें दिसलें होतें. म्हणूनच संशय आल्यास लिहिणारा, घेणारा, देणारा आणि देवविणारा यांस एकेकटे बोलावून विचारावें, आणि ह्या अधिकाऱ्याकडून ज्यांस उपद्रव झाला असेल त्यांनीं येऊन सांगावें अशी दवंडी पिटवावी, असें त्यानें सांगितलें आहे. देणारा येथें साक्षीदार आहे खरा, पण त्याची साक्ष तोंडी आहे. त्याच्या हातीं कागद असल्याचा उल्लेख ह्या ठिकाणीं नाहीं.

कौटिल्यापासून एकदम मराठी राज्यांत येणें ही मोठी उडी आहे, आणि मध्यें अखंड परंपरा होती असा माझा दावा नाहीं. हिशेबाचें वर्ष पावसाशीं बांधलेलें असावें ही गरज मात्र दोहोंकडे एकच. मराठी दप्तरांतील सुहूर सन सूर्य मृग नक्षत्रांत शिरला कीं बदलतो. बऱ्याच फुटकळ कागदांवर सालाची खूण तेवढीच असते, म्हणून नव्या संग्राहकांनीं तिचें गणित पाठ करून ठेवावें. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेस त्यांत ५९९ मिळवावे आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६००, म्हणजे इ. स. १७७०-७१ हें साल निघतें.

शिवछत्रपतींचें ५ सप्टेंबर १६७६ चें, मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. त्यांत सुभेदारानें स्वतः गांवोगांव फिरावें, गांवचे कुणबी गोळा करावे, कोणापाशीं माणूसबळ, बैल व दाणे किती आहेत तें पाहावें, ज्यास बैल किंवा बीं नसेल त्यास तें पुरवावें आणि दिलेलें मुद्दल त्याच्या शक्तीप्रमाणें हळूहळू, वाढीदिढी न लावतां घ्यावें, असें सांगितलें आहे. वसूल धान्यरूपानें घ्यावा, नक्त मागूं नये, हेंहि त्यांत आहे. पत्राची थोरवी पुष्कळांनीं वर्णिली आहे. मला त्यांत विशेष वाटतें तें हें कीं, येथें सरकारचा माणूस कुळाच्या दारीं जातो आणि एकेका कुळाची ऐपत डोळ्यांनीं पाहतो. परंतु ही पाहणी टिकावयाची ती त्या अधिकाऱ्याच्या सचोटीवर. तो बदलला कीं नवा माणूस नव्यानें विचारणार. त्या दोहोंच्या मधली आठवण ज्याच्यापाशीं राहिली तो गांवचा कुलकर्णी.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत ह्या गांवकीच्या व्यवहाराचें चित्र बरेंच तपशीलवार सांपडतें. लिहिणारा परका आणि जेता होता हें न विसरतां तो वाचला, तर त्याच्याइतकें उपयुक्त साधन थोडें. पावसाच्या तोंडावर पाटील कुळांस बोलावून कोण काय पेरणार हें ठरवी, धीर देई, तगाई मिळवून देण्याची खटपट करी. कुलकर्णी तें लिहून घेई. पिकें उभीं राहिलीं, कापलीं गेलीं, आणि हप्त्याची वेळ आली कीं गांवचा महार वतनदार कुळांस बोलावणें करी. कूळ चावडीवर येऊन पैसे पाटलापुढें ठेवी. पोतदार ते पारखी, कारण त्या काळीं नाणीं अनेक प्रकारचीं चालत आणि एका रुपयावर बट्टा बसला कीं कुळाचा हिशेब तेवढ्यानें तुटे. पारखून झाल्यावर कुलकर्णी पावती लिहून देई. गांवचा भरणा पुरा झाला म्हणजे चौगुला तो घेऊन, देशमुखास एक आणि कमाविसदारास एक अशीं पत्रें बरोबर घेऊन, कचेरीस जाई आणि मामलेदाराची पावती घेऊन परत येई.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ह्या एका व्यवहारांत दोन पावत्या आहेत. एक कुळास मिळालेली, दुसरी गांवास मिळालेली. पहिलीवर एका माणसाचें नांव आहे, दुसरीवर गांवाचें. ह्या दोहोंमध्यें जो सांधा आहे तेथें कुळाचें नांव संपतें आणि मौज्याचें नांव सुरू होतें. तो सांधा सबंध राज्यांत फक्त एका माणसाच्या रुमालांत जुळलेला असे, आणि तो माणूस म्हणजे कुलकर्णी. त्याच्या थळझाड्यांत शेतें आणि तीं कसणारे, कुळघडणींत प्रत्येक कुळाकडील येणें, लावणीपत्रकांत त्या सालची पेर आणि वसूलबाकींत काय आलें व काय राहिलें हें असे. गांवखर्चाची पट्टी हि त्याच्याच हातची. ती न्याय्य बसली कीं अन्याय्य, हें पाहावयाचें तर त्याच्या कागदांखेरीज गति नाहीं.

पैसे न आले तर काय होई हेंहि एल्फिन्स्टननें लिहून ठेविलें आहे. कुळावर शिबंदीचा शिपाई बसे. त्यास चावडींत अडकवीत, उन्हांत उभें करीत, डोक्यावर धोंडा देत आणि पैसे देईपर्यंत खाऊंपिऊं देत नसत. अशा वेळीं चार बोटें रुंदीची ती पावती जवळ असणें आणि नसणें यांत किती अंतर होतें, हें सांगावयास नको.

आतां गांवाच्या वर काय होई तें पाहूं. मामलेदाराच्या कचेरींत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस हे दरकदार असत. त्यांस काढण्याचा अधिकार मामलेदारास नसे. फडणीस रोजचें टिपण ठेवी, दफ्तरदार त्यावरून खतावणी करून महिन्याचा गोषवारा हुजुरास पाठवी, मुजुमदार हिशेब पाहून मान्य करी, पोतनीस जमा व शिल्लक सांभाळी. एकाचें लिहिणें दुसऱ्याच्या लिहिण्याशीं अडकविलेलें होतें. शिवाय देशमुख-देशपांडे हे वतनदार आपले हिशेब स्वतंत्र ठेवीत, आणि मामलेदाराचे कागद त्यांच्या कागदांशीं ताडून पाहिल्याखेरीज हुजुरास मंजूर होत नसत. पुण्याच्या हुजूर दप्तरांत ह्या सगळ्यांचा पूर येई. बेहडा म्हणजे महालाच्या अपेक्षित जमाखर्चाचा अंदाज तेथून निघे, आणि शेवटीं एकबेरीज दप्तरांत सर्व हिशेबांचे तर्जुमे होऊन बाबवार बेरजा उतरत.

ही यंत्रणा क्षुल्लक नव्हती. परंतु तिची सगळी धार मामलेदाराकडे वळलेली होती. मामलेदारानें किती खाल्लें, हा तिचा प्रश्न. अमक्या कुळाकडून दोनदां घेतलें काय, हा नव्हे. मामलेदार आणि दरबार यांच्यामध्यें अंतस्थ नांवाची जी गुप्त रक्कम चाले, तिचा भार अखेर गांवावर बसे, आणि गांवावरून कुळावर. एकबेरजेंत तो दिसणें शक्यच नव्हतें. तंटा निघून फिर्याद पुण्यास गेली तरच एखाद्या कुळाचें नांव हुजूरच्या कागदावर चढे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत महाल मक्त्यानें देण्याचा प्रघात वाढला आणि वरची तपासणी तर ढिली पडलीच. ज्यानें मामला बोलीनें विकत घेतला, त्याला हिशेब विचारतो कोण?

पुण्यास पुराभिलेखागारांत जें पेशवे दप्तर आहे त्याच्या अफाटपणाचें आपण कौतुक करितों, आणि तें योग्यच आहे. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतून पंचेचाळीस भाग निवडून छापविले. परंतु एखाद्या गांवच्या एखाद्या कुळाचा हिशेब शोधावयास तेथें जाणारास बहुधा गांवाची बेरीज हातीं लागते. माणूस खालींच राहिलेला असतो. तो सांपडलाच तर कुलकर्ण्याच्या माळ्यावर सांपडेल.

वरील व्यवस्था पेशव्यांच्या मुलखाची आहे हें सांगणें अवश्य आहे. करवीरचें राज्य १७३१ च्या वारणेच्या तहापासून वेगळें, म्हणून त्याचें दप्तरहि वेगळें. पुण्याची एकबेरीज येथें लागू करूं नये. गांवकी मात्र तीच, पाटील आणि कुलकर्णी यांची. आपली नोंद ज्या दप्तरांत आहे तें दप्तर परक्या हातीं गेलें म्हणजे माणसें किती बिथरतात, याचा दाखला ह्याच राज्यांत १८४४ सालीं मिळाला. किल्ल्यांकडे लागलेल्या गडकऱ्यांच्या जमिनी दाजी कृष्ण पंडित यांच्या कारभारांत मामलेदारांच्या अमलाखालीं घातल्या गेल्या, आणि सामानगडापासून बंडाचा वणवा पेटला. त्या बंडास कारणें अनेक होतीं, परंतु हिशेबाचा धनी बदलला हें त्यांतील एक मानण्यास हरकत नाहीं.

इंग्रजी अमलांत कुळाचें नांव प्रथमच सरकारी दप्तरावर पक्कें चढलें. प्रिंगल यानें १८२८ च्या सुमारास आरंभिलेली मोजणी फसली. शेताच्या निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारचे, हें त्याचें सूत्र कागदावर नेटकें दिसलें, पण आकारणी जड आणि खालची माहिती सदोष निघाली. १८३५-३६ मध्यें गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं इंदापुरापासून जी नवी पद्धति घातली, तिच्यांत प्रत्येक नंबरास ठरलेला आकार आणि त्याचा जबाबदार खातेदार अशी जोडी झाली. पावती देणें ही मेहेरबानी न राहतां १८७९ च्या जमीनमहसूल कायद्यानें तें घेणाऱ्याचें कर्तव्य झालें. हा बदल मोठा आहे, आणि त्याचें श्रेय देण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. आकार मात्र जेथें जड होता तेथें पावतीनें तो हलका केला नाहीं, हेंहि खरें.

पेठांतून राहणाऱ्या बिगर-शेतकरी माणसाची गोष्ट थोडी निराळी. तेलघाणे, माग, दुकानें यांवर मोहतर्फा असे. मुंबई इलाख्यांत तो १८४४ च्या कायद्यानें उठला. व्यापारी, सावकार आणि नोकरदार यांवर सरकारची नजर पुन्हा वळली ती सत्तावनच्या धामधुमीनंतर, रिकाम्या खजिन्यामुळें. जेम्स विल्सन यानें १८६० सालीं प्राप्तीवरील कर आणिला; २४ जुलैस कायद्यास मंजुरी मिळाली. सालीना २०० रुपयांच्या आंतील प्राप्ति मोकळी, २०० ते ५०० पर्यंत शेंकडा २, आणि त्यावर शेंकडा ४. मद्रासचा गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यानें उघड विरोध केला आणि त्याबद्दल त्यास परत बोलाविलें गेलें. विल्सन त्याच वर्षीं ऑगस्टांत कलकत्त्यास वारला. कर १८६५ मध्यें बंद झाला, नांवें बदलून पुनः आला, १८८६ च्या कायद्यानें स्थिरावला, आणि १९२२ व १९६१ च्या कायद्यांनीं त्यास पुढें आकार दिला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि विलीन संस्थानांस हिंदुस्थानचे करविषयक कायदे त्याच वर्षीं लागू झाले.

माझ्या विषयाच्या दृष्टीनें १८६० चें महत्त्व दरांत नाहीं. शेताचा आकार दुसऱ्यानें मोजून ठरविला होता. माणसाची कमाई अशी सांखळीनें मोजतां येत नाहीं. म्हणून सरकारनें प्रथमच माणसास सांगितलें कीं, तुझा हिशेब तूंच लिहून दे. आतांपर्यंत आषाढांत वही घेऊन जाणारा अधिकारी होता. आतां वही देणारा स्वतः घेऊन जाऊं लागला. आणि वहीबरोबर दंडहि त्याच्याकडे गेला.

निवृत्तिवेतनावर राहणारा मीहि दर वर्षीं ह्या जत्रेंत सामील होतों. व्यक्तीनें विवरण भरावयाची मुदत बहुतेक वर्षीं ३१ जुलैची, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या आसपासची असते. २०२५ सालीं ती वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली. कौटिल्याच्या आषाढीशीं ह्याचा संबंध कांहीं नाहीं. मार्चअखेर वर्ष संपविण्याची इंग्रजी रीत १८६७ पासूनची, आणि जुलै त्या हिशेबानें येतो. तरी योगायोग गमतीचा खरा. उशीर झाला तर पांच लाखांपर्यंत उत्पन्न असणारास एक हजार व त्यावरील उत्पन्नास पांच हजार रुपयांपर्यंत विलंबशुल्क आहे. पांच दिवसांची सवलत मात्र नाहीं.

विवरण पाठविल्यावर तीस दिवसांत त्याचा पडताळा द्यावा लागतो. नाहीं दिला तर पाठविलें न पाठविलें सारखेंच. मग तें बेंगळुरूच्या केंद्रांत जातें. ह्या मध्यवर्ती केंद्राची उभारणी २००९-१० च्या सुमाराची. तेथें यंत्र पहिल्यानें बेरजा-वजाबाक्या तपासतें, आणि नंतर माझें लिहिणें दुसऱ्यांच्या लिहिण्याशीं ताडतें. बँकेनें व्याजाची माहिती परस्पर कळविलेली असते, निवृत्तिवेतन देणाऱ्यानें कापलेल्या कराची कळविलेली असते. तें सर्व माझ्या नांवाच्या वार्षिक माहितीपत्रकांत जमा असतें. देशपांड्यांच्या कागदांशीं मामलेदाराचा कागद ताडून पाहणाऱ्या हुजूर कारकुनास हें यंत्र परकें वाटलें नसतें. फरक एवढाच कीं, त्या काळीं ताडला जाई तो मामलेदार. आज ताडलें जातें तें कूळ. आंकडे जुळले नाहींत तर खुलासा मागविला जातो, जुळले तर आकारणीची सूचना येते, आणि जास्त भरलेलें परत मिळतें. ही सूचना विवरण भरलेलें आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आंत यावी असा नियम आहे, आणि परतावा लांबल्यास महिना अर्धा टक्का व्याज सरकारनें द्यावयाचें आहे. म्हणजे उशिराचा दंड थोडासा पलीकडेहि लागतो. कोट्यवधि विवरणांपैकीं फारच थोडीं बारीक तपासणीस निवडलीं जातात, आणि २०१९ पासून ती तपासणीहि बव्हंशी तोंड न पाहतां, दूरच्या अधिकाऱ्याकडून होऊं लागली आहे. डोक्यावर धोंडा नाहीं, चावडी नाहीं. पण ज्याच्याशीं बोलून समजूत घालावी असा कुलकर्णीहि नाहीं. माझ्या एका शेजाऱ्यांस गेल्या साली व्याजाच्या एका आंकड्याबद्दल सूचना आली, तेव्हां बँकेचें पासबुक सांपडेपर्यंत त्यांची झोंप उडाली होती. सांपडल्यावर प्रकरण तितक्यानें मिटलें.

आतां पुनः रुमालाकडे. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कुलकर्णी वतनें नाहींशीं करून पगारी तलाठी नेमिले. इतर मुंबई इलाख्यांत हें काम १९५० च्या कायद्यानें पुरें झालें. वंशपरंपरेनें एका घराच्या हातीं गांवाचें ज्ञान कोंडून ठेवण्याचा जो अन्याय होता तो त्यामुळें संपला, आणि तें होणें इष्टच होतें. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा कीं, ज्या कागदांवर घराचा अधिकार चाले ते कागद घरास निरुपयोगी झाले. सनद राहिली, कारण तिच्यावर शिक्का आहे आणि इनामाच्या खटल्यांत ती लागे. वसूलबाकी गेली. ती घेण्यास संग्राहकहि पुढें आला नाहीं, कारण बाजारांत तिला मोल नाहीं. मीं स्वतः तरुणपणीं असे दोन गठ्ठे नको म्हणून परत केले आहेत. तेव्हां माझा डोळा हस्तलिखित टीकाग्रंथांवर होता. त्या गठ्ठ्यांचें पुढें काय झालें तें विचारण्यास मी गेलों नाहीं.

ह्या वेळच्या रुमालांतील पावत्या अजून पुरत्या लागलेल्या नाहींत. मोडी घाईची, शाई पुष्कळ ठिकाणीं उडालेली, आणि वाळवीनें मधल्या ओळी नेलेल्या. एका कुळाच्या तीन पावत्या मात्र एकाच दोऱ्यांत ओंवलेल्या सांपडल्या. पहिल्या दोन कुळाच्या स्वतःच्या नांवच्या. तिसरींत नांव त्याचेंच आहे, पण 'हस्तें' म्हणून पुढें त्याच्या आईचें नांव आहे. तो परगांवीं गेला, आजारी पडला कीं वारला, हें त्या चिटोऱ्यावरून सांगतां येत नाहीं, आणि मी सांगणार नाहीं. त्या सालचा गांवाचा फर्द त्याच रुमालांत आहे. त्यांत गांवाची बाकी नील आहे.

संग्राहकांस विनंति एवढीच कीं, असे रुमाल हातीं आले तर पावत्या सुट्या करून आकारानें लावूं नयेत. दोरा ज्या क्रमानें ओंवलेला असेल तो क्रम हाच पुष्कळदां त्यांच्या सालाचा एकमेव पुरावा असतो; दोरा तोडण्यापूर्वीं प्रत्येक पावतीवर पेन्सिलीनें मागील बाजूस आंकडा घालावा आणि दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं. कुळघडणी आणि पावत्या एकाच गांवच्या असतील तर वेगळ्या विकूं नयेत. त्या घरमालकांनीं रुमाल मला ठेवून घेण्यास सांगितला आहे, पण चौकटींतील दोन कागद देण्यास ते तयार नाहींत. त्यांच्या दिवाणखान्यांत ते भिंतीवर लागले आहेत. पावत्यांची नक्कल पुरी झाल्यावर मूळ कागद येथील पुराभिलेखांत देण्याचा विचार आहे. तोंवर ज्यांस पाहावयाचे असतील त्यांनीं पावसाचा जोर ओसरल्यावर यावें, कारण सध्यां ते चुन्याच्या डब्यासह कपाटांत बंद आहेत.